मशीनचा प्लग सारखा काळा पडतो: दोन-स्ट्रोक ओबीएममध्ये कुठे काय पाहायचं

ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड मशीन, सकाळी दोन ओढींत चालू होतं. खाडीतून बाहेर पडेपर्यंत काही त्रास नाही. कांडाळ (मासे अडकवायचं जाळं) टाकायला वेग कमी केला की थोड्या वेळाने आवाज बदलतो, मशीन मिसिंग करायला लागतं आणि परतताना वेगाची मूठ पूर्ण वळवली तरी पिकअप धरत नाही. स्पार्क प्लग काढून पाहिला तर काळा आणि ओला. नवा घातला की काही दिवस सगळं ठीक, मग पुन्हा तेच. देवबागपासून हर्णैपर्यंत कुठल्याही बंदरावर खिशात दोन सुटे प्लग ठेवून समुद्रात जाणारे भेटतील. सुटे प्लग हवेतच. पण ते दर आठवड्याला लागत असतील तर दोष प्लगात नाही, प्लग ज्या सिलिंडरमध्ये बसलाय तिथे किंवा त्याच्या आगेमागे आहे.

इथे लिहिलेलं ८ ते ४० एचपीच्या दोन-स्ट्रोक, कार्बोरेटर असलेल्या ओबीएमला लागू आहे. फायबर होडीवरच्या मासेमारीच्या मशीनला तसंच पर्यटकांना फिरवणाऱ्या छोट्या बोटींनाही.

काढताना

मशीन गार होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लगचं अंग पोलादाचं. गरम हेडमधून प्लग ओढून काढला की आटे सोलून येण्याची भीती असते. एकदा हेडचे आटे गेले की हेलीकॉईल (आट्यांचं तारेचं नवं अस्तर) बसवण्याशिवाय उपाय नाही आणि ते काम समुद्रात होत नाही. पाण्यात असाल तर आधी नांगर टाका, किल स्विचची क्लिप काढा (ती निघाली की प्लगची ठिणगी बंद होते) आणि प्लग पान्याला दोरी बांधून ती मनगटात अडकवा. पाना पाण्यात गेला की बाकी सगळं ज्ञान फुकट.

कव्हर काढल्यावर प्लगच्या खोबणीत काय साचलंय ते पाहा. किनाऱ्यावर ओढलेल्या होडीच्या मशीनमध्ये तिथे हमखास रेती आणि मिठाचे खडे असतात. फुंकून, ब्रशने झाडून आधी ते काढा. नाहीतर प्लग सुटताच सगळं पिस्टनवर पडणार आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे येणार. प्लग कॅप ओढताना कॅपच धरायची, वायर नव्हे. थोडी फिरवून मग वर ओढली की अलगद निघते.

या मशीनमध्ये बहुतेक एनजीके कंपनीची बी७एचएस, बी८एचएस किंवा त्यांचीच रेझिस्टरवाली बीआर७एचएस, बीआर८एचएस ही जात असते. त्याला २१ मिमीचा प्लग पाना लागतो. प्लग हट्टाने बसला असेल तर नळी घालून जोर करू नका. गंज सोडवणारं तेल खोबणीत सोडा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पाव फेरा सोडवा, परत थोडा आवळा, परत सोडवा. आट्यांत अडकलेलं मीठ आणि कार्बन असा मागेपुढे करूनच सुटतो.

दोन सिलिंडरचं मशीन असेल तर वरचा प्लग कुठला आणि खालचा कुठला हे काढतानाच खुणेने ठेवा. वरचा सिलिंडर एक नंबर. प्लग हातात आले आणि कुठला कुठून आला हे विसरलं, तर पुढची अर्धी तपासणी वाया गेली.

प्लग काय सांगतो

प्लग पाहायचा तो मशीन कामाच्या वेगाने चालवून लगेच बंद केल्यावर. जेटीला लागेपर्यंत दहा मिनिटं स्लोवर चालवून मग काढलेला प्लग काळाच दिसणार. त्यावरून निष्कर्ष काढाल तर फसाल. शक्य असेल तर खुल्या पाण्यात अर्ध्याहून जास्त रेसवर पाच मिनिटं चालवा, किल स्विचने तिथेच बंद करा, नांगर टाका, गार होऊ द्या आणि मग काढा.

मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचं पांढरं चिनीमातीचं नाक मारी बिस्किटाच्या रंगाचं, कोरडं असेल तर सिलिंडर चांगला चाललाय. कोरडी काजळी, बोट लावलं की काळं होतं, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा प्लग पुरेसा तापत नाही. काळा, चकचकीत, तेलकट असेल तर तेल जास्त आहे, किंवा करंट (प्लगची ठिणगी) येत नसल्याने मिश्रण न जळताच बाहेर पडतंय. या दोन काळ्यांत फरक करायला शिकलं की निम्मं काम झालं: कोरडा काळा तुम्हाला कार्बोरेटर, चोक आणि थर्मोस्टॅटकडे (थंड करणाऱ्या पाण्याची वाट तापमानाप्रमाणे उघडणारी झडप) नेतो, ओला काळा तेल, करंट आणि फ्युएल पंपाकडे.

नाक पांढरं फटक, त्यावर बारीक फोड, इलेक्ट्रोडच्या कडा वितळलेल्या असतील तर मशीन जास्त तापतंय किंवा पेट्रोल कमी पडतंय. हा काळ्यापेक्षा वाईट. काळा प्लग तुम्हाला किनाऱ्यावर उशिरा पोचवेल, पांढरा पिस्टनला भोक पाडेल. नाकावर चंदेरी बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. मशीन पुढे चालवूच नका, उघडायला न्या. आणि एक प्लग नुकताच धुतल्यासारखा स्वच्छ, त्यावर गंजाचे ठिपके, असं असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी येतंय. बहुतेक वेळा हेड गॅस्केट. खाऱ्या पाण्याने हेडच्या पाण्याच्या वाटा खाल्ल्या की गॅस्केटला धरायला सपाट जागाच उरत नाही.

एकच की दोन्ही?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा आणि बहुतेक जण तोच विचारत नाहीत. दोन्ही प्लग सारखेच काळे असतील तर कारण दोन्ही सिलिंडरना सामायिक आहे: तेलाचं प्रमाण, पेट्रोलची प्रत, चोक, थंड चालणारं मशीन, चुकीच्या नंबरचे प्लग. एकच काळा असेल तर कारण त्या सिलिंडरचं स्वतःचं आहे: त्याची कॅप, वायर, कॉईल, त्याचा कार्बोरेटर, फ्युएल पंप, पिस्टनच्या रिंगा, गॅस्केट.

एकाच बाजूचा त्रास असेल तर प्लगांची अदलाबदल करा आणि पुन्हा चालवा. मिसिंग प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेलं तर प्लग खराब. जागचं हललं नाही तर प्लग निर्दोष. मग दोन्ही कॉईल सारख्या असतील तर कॅप आणि कॉईल बदलून पाहा. तरीही दोष तिथेच राहिला तर करंट बाजूला ठेवा आणि इंधनाकडे वळा.

एकच सिलिंडर सारखा ओला होतो आणि करंट मात्र कडक आहे, अशा वेळी फ्युएल पंपाचा डायफ्रॅम उघडून बघा. पंप क्रँककेसच्या (पिस्टनमागची बंद पेटी) दाबावर हलतो आणि तो दाब एका सिलिंडरकडून बारीक छिद्रातून येतो. डायफ्रॅमला भेग पडली की त्याच छिद्रातून कच्चं पेट्रोल थेट त्या सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये जातं. कार्बोरेटर कितीही वेळा साफ करा, फरक पडत नाही. डायफ्रॅम उजेडासमोर धरला की बारीक भोकही दिसतं. कडक, सुरकुतलेला असला तरी बदलून टाका. भाग स्वस्त आहे आणि याच्यापायी लोक कॉईल बदलतात, सीडीआय (ठिणगीचा करंट वेळेवर सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलतात.

यातून सुटलं नाही तर कॉम्प्रेशन मोजा. कोमट मशीन, दोन्ही प्लग काढलेले, मूठ पूर्ण उघडी, किल स्विचची क्लिप काढलेली, चार-पाच जोरदार ओढी. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पण दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर रिंगा चिकटल्या आहेत किंवा गॅस्केट गेलंय. तिथे प्लग बदलून काहीच होणार नाही.

दोन्ही काळे: सामायिक कारणं

तेलापासून सुरुवात करा. रनिंग-इन (नव्या मशीनचे सुरुवातीचे तास) संपलेल्या बहुतेक मशीनना ५०:१ हे प्रमाण पुरतं. म्हणजे एका लिटर पेट्रोलला २० मिली, दहा लिटरच्या कॅनला २०० मिली, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. नव्या मशीनला सुरुवातीला २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली, आणि ते मॅन्युअलने सांगितलेल्या तासांपुरतंच. पुष्कळ ठिकाणी हे सुरुवातीचं प्रमाणच कायम चालू राहतं, वर टाकी भरताना बाटलीतून अंदाजाने आणखी एक धार. जास्त तेलाने मशीन जास्त टिकतं ही समजूत पक्की आहे आणि चुकीची आहे. जादा तेल जळत नाही, ते प्लगवर, रिंगांच्या खाचांत आणि एक्झॉस्टमध्ये कार्बन होऊन बसतं. शिवाय कार्बोरेटरच्या जेटमधून (बारीक छिद्रातून) तेवढंच मिश्रण जाणार असल्याने तेल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं. मापाचं भांडं वापरा. स्वतंत्र तेलाची टाकी असलेल्या मशीनला पेट्रोलमध्येही तेल मिसळलं जात नाही ना, हेही एकदा विचारून घ्या. होडी भाड्याने किंवा दुसऱ्याच्या हाती असेल तर नक्कीच.

तेल कुठलं, हेही महत्त्वाचं. बाटलीवर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं हवं. ते ओबीएमसाठी, राख न सोडणारं तेल आहे. रिक्षा-मोटारसायकलच्या टू-टी तेलात राख सोडणारे घटक असतात. पाण्यावर चालणारं थंड मशीन ती राख बाहेर टाकू शकत नाही आणि तिचे कण दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये पूल बांधतात. प्लग दिसायला फार काळा नाही पण एकदम मेलाय, असं झालं तर भिंग लावून फटीत पाहा, कण अडकलेला दिसेल. पिनने काढला की तोच प्लग पुन्हा चालतो.

दुसरं कारण म्हणजे कामाची पद्धत. प्लगचं नाक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याच्यावरचा कार्बन आपोआप जळतो. कांडाळ सोडताना, गळ ओढत फिरताना, पर्यटकांना डॉल्फिन दाखवत स्लोवर रेंगाळताना नाक तेवढं तापतच नाही. हे टाळता येत नाही, पण धुऊन काढता येतं: अर्धा-पाऊण तास स्लोवर काम झालं की पाच मिनिटं अर्ध्याहून जास्त रेसवर एक फेरी मारा. पेट्रोल वाचवायला म्हणून ही फेरी टाळली जाते आणि मग ते पैसे प्लगवर जातात.

तिसरं कारण आपल्याकडे विशेष आहे: थर्मोस्टॅट काढून टाकलेला. मिठाने अडकला, मशीन तापलं, कुणीतरी काढून फेकला आणि सांगितलं की आपल्या गरम हवेत याची गरजच नाही. तेव्हापासून मशीन तापत नाही हे खरं, पण पुरेसं गरमही होत नाही. आपलं समुद्राचं पाणी तीस अंशांच्या आगेमागे असतं, मशीनला हवं असतं ते त्याहून बरंच जास्त. छोट्या ओबीएमचे थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान उघडतात. सतत थंड पाणी फिरत राहिलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही, सिलिंडरच्या भिंतीवर ते थेंब होऊन बसतं आणि प्लग काळा होत राहतो. उघडा पडलेला थर्मोस्टॅटही हेच करतो. तपासायला सोपं आहे: काढून, मीठ धुऊन, दोऱ्याने पातेल्यात टांगा, पाणी तापवा, सोबत थर्मामीटर ठेवा. गार पाण्यात पूर्ण मिटलेला हवा, सांगितलेल्या तापमानाला उघडायला हवा. नाही तर नवा घाला आणि गॅस्केटही नवं. काही लहान मॉडेलना थर्मोस्टॅट नसतोच. भाग-यादीत आधी बघा.

चोक तर सगळ्यांना माहीत असतो, तरी बघाच. बटण आत ढकललं म्हणजे पाकळी पूर्ण उघडली असं नाही. मिठाने दांडी अर्ध्यावर अडकते. कार्बोरेटरच्या तोंडातून टॉर्च मारून पाहा. फ्लोटची सुई गळत असेल तर बंद मशीनमध्ये पेट्रोलच्या नळीवरचा रबरी गोळा दाबल्यावर तो कडक होत नाही आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकतं.

रॉकेलवर चालणारं मशीन असेल तर पेट्रोलवर चालू करून पुरेसं तापल्यावरच रॉकेलवर घ्यायचं आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणून कार्बोरेटरमधलं रॉकेल संपवायचं. रॉकेलवरच बंद केलेलं मशीन दुसऱ्या दिवशी थंड असताना वाफ धरत नाही, दहा ओढींत दोन्ही प्लग ओले होतात. यात प्लगचा किंवा कार्बोरेटरचा काही दोष नसतो.

करंट

प्लग काढून, अंग हेडला टेकवून, दोरी ओढून पाहणे ही नेहमीची चाचणी फसवी आहे. उघड्या हवेत ०.६ मिमीच्या फटीवर अशक्त करंटही उडी मारतो. सिलिंडरमध्ये दाबाखाली तोच बसतो. त्यापेक्षा फट कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर घ्या, ६ ते ९ मिमीवर ठेवा. निळा, जाड, टक् टक् आवाज करणारा करंट हवा. बारीक, तांबूस, चुकतमाकत येणारा असेल तर कॅप, वायर, कॉईल, अर्थिंग या क्रमाने शोधा. टेस्टर प्लगच्या भोकापासून लांब ठेवा, आतून पेट्रोलचा फवारा येत असतो. आणि किल स्विचची क्लिप लावलीय ना? करंटच नाही म्हणून आलेली कितीतरी मशीन क्लिप नसल्यामुळे आलेली असतात. चालू मशीनची कॅप उपटून कुठला सिलिंडर मेलाय ते पाहण्याची सवय मात्र सोडा, त्यात सीडीआय जातो.

आपल्या हवेत सगळ्यात आधी कॅप जाते. आतली स्प्रिंग हिरवी पडते, रबर आणि चिनीमातीच्या मध्ये मिठाचा थर बसतो आणि करंट फटीत उडी मारण्याऐवजी त्या थरावरून खाली हेडला जातो. काळोखात कव्हर काढून मशीन चालू केलं तर प्लगभोवती निळसर रेघा खेळताना दिसतात. हात मात्र लांब. काढलेल्या प्लगच्या पांढऱ्या बाहेरच्या अंगावर उभी काळी बारीक रेघ असेल तर तोच पुरावा. अशी रेघ पुसून जात नाही, प्लग आणि कॅप दोन्ही बदला. रेझिस्टर असलेली कॅप मल्टीमीटरवर साधारण ५ किलो-ओहम दाखवते. आकडा खूपच वर गेला किंवा काहीच दाखवत नसेल तर कॅप गेली. वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर पाऊण सेंटीमीटर कापून ताज्या तांब्यावर कॅप फिरवून बसवा. बसवताना कॅपच्या आत मुगाएवढं सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस फासा. साधं पिवळं ग्रीस नको, ते रबर फुगवतं.

दिवसाच्या शेवटी मशीन गोड्या पाण्याने धुणं चांगलंच, पण ते आतून: पिंपात उभं करून, पाणी पंपाच्या जाळीच्या वर राहील इतकं भरून, दहा मिनिटं स्लोवर. कव्हर काढून वरून पाइपाने झोत मारणं म्हणजे कॅपमध्ये पाणी भरणं.

पाणी कुठून आलं

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही. काही प्रमाणापर्यंत पाणी त्यात विरघळून राहतं, पुढे इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात. तेल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. टाकीतली नळी तळातून ओढते, म्हणजे मशीनला मिळतं ते बिनतेलाचं पाणीमिश्रित इथेनॉल. प्लग ओला होणं हा यातला किरकोळ भाग. बेअरिंग कोरडी चालतात तो मोठा. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल पांढऱ्या काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. मध्ये आडवी रेघ दिसली तर ती टाकी पूर्ण रिकामी करा. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, पण तो पाण्याचे थेंब अडवतो, आधीच बिघडलेलं पेट्रोल सुधारत नाही.

पाणी शिरण्याची आणखी एक वाट फार कमी लोकांच्या लक्षात येते. संध्याकाळी मशीन काढून खांद्यावरून घरी न्यायची पद्धत आहे. नेताना पंखा वर आणि डोकं खाली झालं की एक्झॉस्टमध्ये साचलेलं खारं पाणी उलटं वाहत थेट सिलिंडरमध्ये जातं. दुसऱ्या दिवशी प्लगवर पाण्याचे थेंब, आणि संशय हेड गॅस्केटवर. मशीन काढल्यावर आधी उभं धरून पाणी पूर्ण निथळू द्या आणि नेताना, ठेवताना डोकं नेहमी पंख्यापेक्षा उंच ठेवा. पाणी आत गेलंच असेल तर त्याच दिवशी प्लग काढा, दोरी हळू ओढून पाणी बाहेर काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टीसी-डब्ल्यू३ तेल सोडून पुन्हा फिरवा. मिठाचं पाणी क्रँकच्या बेअरिंगवर रात्रभर राहू देण्याजोगं नाही.

नवा बसवताना

नंबर कव्हरच्या आतल्या चिकटपट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, जुन्या प्लगवर नव्हे. तो आधीच कुणीतरी चुकीचा घातलेला असू शकतो. एनजीकेमध्ये आकडा मोठा तसा प्लग थंड: बी८ हा बी७ पेक्षा थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलट, मोठा आकडा गरम. कंपनी बदलताना इथेच गफलत होते. आकड्यानंतरचं एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिमी. ई असलेला १९ मिमीचा प्लग त्याच भोकात फिरतो आणि पिस्टनला ठोकतो, तेव्हा आटे जुळले म्हणून समाधान मानू नका. आर असलेला प्लग सांगितला असेल तर आर असलेलाच घाला.

काळा पडतो म्हणून एक नंबर गरम प्लग घालण्याचा सल्ला सर्रास मिळतो. मॅन्युअलने पर्याय म्हणून तो नंबर दिला असेल आणि काम फक्त स्लोचं असेल तर घाला. एरवी नको. भरलेल्या होडीने, भरतीच्या उलट, पूर्ण रेसवर येताना तोच गरम प्लग मिश्रण वेळेआधी पेटवतो, आणि मग खर्च पिस्टनचा.

फट फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, डोळ्याने नाही. नंबरच्या शेवटी -१० असेल तर ०.९ ते १.० मिमी; साध्या एचएस प्लगला साधारण ०.५ ते ०.७ मिमी, नेमका आकडा मॅन्युअलचा. कमी-जास्त करायची तर फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलवा. मधल्यावर पक्कड टेकवली तर नाक तडकतं, तडा दिसत नाही आणि मिसिंग मात्र होतं. वरची छोटी नटी तुमच्या कॅपला लागते की नाही ते बघा. लागत असेल तर पकडीने घट्ट करा, सैल नटीतून करंट तुटतो.

जुना प्लग साफ करून वापरायचा तर पितळी ब्रश आणि पेट्रोल. पोलादी ब्रश नाकावर धातूच्या रेघा सोडतो, त्यावरून करंट गळतो. पॉलिश पेपरची आणि सँडब्लास्टची रेती नाकाच्या खाचेत राहते आणि नंतर सिलिंडरमध्ये पडते. ओला प्लग गॅसवर लाल करणं बंदच करा.

आट्यात हातानेच लावायचा. हात पोचत नसेल तर पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर बसवून त्याने फिरवा. आटे चुकले तर नळी घसरते, हेड वाचतं. हाताने पूर्ण बसल्यावर पाना लावा: नवं वायसर असेल तर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, वापरलेलं असेल तर जेमतेम एक-बारांश. टॉर्क पाना असेल तर २५ न्यूटन-मीटरच्या आसपास. सैल राहिला तर प्लगची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि तो पांढरा पडतो. आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनची पेस्ट) लावायची सवय खाऱ्या हवेत समजण्याजोगी आहे, पण प्लगच्या आट्यांवर मुलामा असतोच. लावायचंच तर पुसल्यासारखा पातळ हात, टोकाकडचे दोन आटे सोडून, आणि आवळताना एरवीपेक्षा तिसरा भाग कमी जोर. वंगणामुळे पाना सहज फिरतो आणि आटे ताणले जातात.

समुद्रात प्लग ओले झाले तर

पेट्रोलची नळी काढा, चोक न लावलेला, किल स्विचची क्लिप काढलेली, दोन्ही प्लग बाहेर, मूठ पूर्ण उघडी, आणि दहा-पंधरा ओढी. आत साचलेलं पेट्रोल धुक्यासारखं बाहेर पडेल, त्या वेळी होडीत कुणाची बिडी पेटलेली नको. क्लिप काढायची कारण उघड्या वायरींवर सीडीआयने करंट सोडला तर तो स्वतःच जळू शकतो. कोरडे सुटे प्लग घाला, क्लिप लावा, नळी जोडा, चोक न लावता मूठ तिसरा भाग उघडून ओढा. हे सुटे प्लग फट मोजून, सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवलेले असावेत. नेटच्या पिशवीत महिनाभर पडलेला प्लग हा नवा प्लग नसतो.

दर १०० तासांनी किंवा हंगामाला एकदा, जे आधी येईल तेव्हा, दोन्ही प्लग जोडीने बदला. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीआधी मशीन ठेवताना कार्बोरेटर रिकामा करा, सिलिंडरमध्ये तेल सोडा आणि जुनेच प्लग परत लावा. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा चालू कराल तेव्हा ते तेल जळून पांढरा धूर येईल आणि प्लग काळे होतील. पंधरा-वीस मिनिटं पिंपात जुन्या प्लगवर ताज्या पेट्रोलने चालवा, धूर थांबू द्या, मशीन गार झालं की मग नवे घाला.